वस्तादांचा डावा कान

आमचे कोल्हापूरचे घरमालक अधूनमधून जिना चढून वर यायचे आणि दारातूनच विचारायचे, "वहिनी, घरात काय करपलंय का?"

पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा मला त्या घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. मी रत्नागिरीकडची, लग्न नुकतंच झालेलं. नवऱ्याची एसटीच्या डेपोत नोकरी, म्हणून गंगावेशीजवळच्या एका गल्लीत, फोटो स्टुडिओच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाड थाटलं होतं. त्या सकाळी दूध तापवताना माझं लक्ष नव्हतं. ते पातेल्याला चांगलंच लागलं आणि त्याचा वास खालपर्यंत गेला असणार. मला वाटलं, घरमालक तक्रार घेऊन आले. मी घाईघाईनं पातेलं पाठीमागे लपवलं.

"घासू नका, घासू नका!" ते जवळजवळ ओरडलेच. "हाय तसं द्या. सांजच्याला आणून देतो."

पातेलं संध्याकाळी परत आलं. फोटो आला दोन दिवसांनी. मी तो हातात घेऊन बघतच राहिले. काळेभोर भेगाळलेले कडे, त्यांच्यामधून वळत जाणारी पांढरी नदी, नदीच्या काठाला गोल गोल खडक.

"कुठला घाट हो हा?" मी विचारलं.

"घाट कुठला! तुमच्या पातेल्याचं बूड हाय."

असे आमचे घरमालक. गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. त्यांच्या कित्येक पिढ्या कोल्हापुरातच गेलेल्या. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लहानपणी वडिलांबरोबर वरातीतून हिंडताना चाचांनी एका फोटोग्राफरला काळ्या कापडात डोकं घालताना बघितलं आणि तेव्हाच ठरवून टाकलं की आपण वाजवायचं नाही, ह्या कापडात शिरायचं. उंच, सडसडीत, डोक्याला काळी टोपी, चष्मा कायम कपाळावर आणि चष्म्याचा शोध कायम चालू. शर्टाच्या खिशात सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद. सिगारेट त्यांनी जन्मात ओढली नव्हती. पानपट्टीवाल्याकडून ते नुसता कागद मागून आणायचे. छोट्या वस्तूवर उजेड पाडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं म्हणणं.

स्टुडिओ चांगला चालायचा. लग्नं, बारशी, नोकरीच्या अर्जाला लावायचे फोटो, मुलगी दाखवायचे फोटो. भिंतीवर रंगवलेला महाल, त्यासमोर एक वेताची खुर्ची, आणि खुर्चीवर कोल्हापुरातले निम्मे लोक कधी ना कधी बसून गेलेले. पण मी तिथं राहायला गेले तोवर ह्या सगळ्यातून चाचांचं मन उडालेलं होतं. कारण त्यांच्या हाती ती लेन्स आली होती.

मिरजेला एक परदेशी डॉक्टर होते. ते दातांचे, जखमांचे, कातडीवरच्या डागांचे फोटो काढायचे, अभ्यासासाठी. ते मायदेशी परत निघाले तेव्हा त्यांनी आपलं सामान वाटून टाकलं. त्यांचे काही फोटो चाचांनी धुऊन दिले होते, म्हणून मॅक्रो लेन्स चाचांकडे आली. अगदी जवळची, बोटाएवढी वस्तूसुद्धा ह्या लेन्समधून पूर्ण चौकट भरून दिसते. चाचा ती मखमलीत गुंडाळून, पत्र्याच्या गोल डबीत ठेवायचे. चाची, म्हणजे त्यांची बायको, लेन्सलाच 'डबी' म्हणायच्या.

"डबी घेऊन बसल्यात बघा," त्या मला खालून हाक मारून दाखवायच्या. अंगणात चाचा उकिडवे, पुढ्यात अर्धा चिरलेला कांदा, मागे जेवायला बोलावणारी हाक वाऱ्यावर.

चाचा-चाची घरात आपापसात त्यांच्या दक्खनी हिंदीत बोलायचे. भांडण मात्र मराठीत करायचे, गल्लीला नीट कळावं म्हणून. गल्लीही मोकळेपणानं मत द्यायची.

मी आलटून पालटून दोन्ही बाजूंनी असायचे. कारण चाचांचं वेड मला हळूहळू आवडायला लागलं होतं. त्यांनी काय काय टिपलं असेल त्याला गणती नाही. गुळाच्या ढेपेचा फुटलेला कडा. तांबड्या रश्श्यावरची तर्री, तिच्यात तरंगणारे तेलाचे गोल. नव्या चपलेच्या वादीची वीण. एसटीच्या पत्र्यावर रंग उडून उरलेले पोपडे. हा फोटो काढायला त्यांनी माझ्या नवऱ्याच्या ओळखीनं डेपोत जाऊन एका मोडक्या गाडीखाली अख्खी दुपार काढली. फोटोत काय दिसतंय हे ते कधीच आधी सांगत नसत. आलेल्या गिऱ्हाइकाला आधी फोटो दाखवायचे आणि म्हणायचे, "वळखा बघू."

गिऱ्हाईक अर्जाच्या फोटोसाठी घाईत आलेलं. ते म्हणायचं, "रंकाळा हाय का?"

"न्हाय."

"मग ढग असतील."

"वहिनींनी काल पापड भाजलेला, त्यो हाय!"

काही लोक हसायचे, काही चिडून समोरच्या गल्लीतल्या स्टुडिओत जायचे. चाची कपाळाला हात लावायच्या. चाचांचं म्हणणं असं की, माणसाला नाव कळलं की त्याचं बघणं संपतं. पापड म्हटला की खाल्ला. जरा वेळ नाव कळलं नाही तर तेवढा वेळ तरी तो डोळे उघडे ठेवतो.

"आणि ह्या लेन्सचं एक हाय वहिनी," ते मला समजावून सांगायचे, "ही काय नुसती मुंग्यामाकोडं बघायची न्हवं. हिनंच मी अर्जाचा फोटो काढतो, हिनंच नवरदेवाचा. लांबचं बी बघती, जवळचं बी बघती. माणसालाच त्ये जमंना झालंय."

लग्नात त्यांना नेणं मात्र मोठं धाडसाचं काम होतं. कागलकडच्या एका लग्नाची गोष्ट चाचीच सगळ्यांना सांगायच्या, कारण त्याही मेजवानीला गेल्या होत्या. मंगलाष्टकं संपली, 'वाजवा रे' झालं, नवरीनं हार घातला, नवऱ्यानं घातला आणि मग नवरीच्या मामानं इकडंतिकडं बघत विचारलं, "फोटोवाला कुठाय?" फोटोवाला मांडवाच्या कडेला सतरंजीवर पालथा पडला होता. अक्षतांचे दाणे सतरंजीवर उडाले होते, कुंकवाचा रंग लागून तांबडे झालेले, आणि त्यातला एक मुंगी ओढून नेत होती. चाचा त्या मुंगीच्या मागे मागे कोपरावर सरकत निघालेले.

मामानं त्यांना काखेत धरून उभं केलं. आरडाओरडा झाला. शेवटी नवऱ्या मुलाची आजी म्हणाली, "गप बसा की सगळी. पोरांनो, काढा हार आन् परत घाला." पुन्हा अंतरपाट धरला, पुन्हा हार घातले, बँडवाल्यांनी पुन्हा वाजवलं. भटजी तेवढे रुसून बसले. ती आजी नंतर फोटो न्यायला स्वतः आली. हारांचा फोटो तिनं पिशवीत टाकला आणि मुंगीचा हातात धरून बसली. "माज्या नातसुनेच्या अक्षतेवर मुंगीचं पोट भरलं," एवढंच म्हणाली आणि तोही मागून घेतला.

असं काही झालं की चाचा चार दिवस हवेत असायचे आणि चाची चार दिवस गप्प असायच्या, कारण त्यांना माहीत असायचं की आता पुढच्या लग्नात ह्याहून जास्त काहीतरी होणार.

ते झालं, पण लग्नात नाही, तालमीत.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनी तालीम होती. हनुमानाची मूर्ती आत, आणि मोहरमला पीरांचे पंजेही तिथेच बसायचे. तालमीचे वस्ताद म्हणजे एकेकाळचे मोठे पैलवान. आता वय झालं होतं, पण ते रस्त्यानं चालायला लागले की सायकली आपोआप बाजूला व्हायच्या. त्यांनी अख्ख्या आयुष्यात फोटो काढू दिला नव्हता. "उभं ऱ्हाऊन फोटो काढायला मी काय नवरदेव हाय?" असं म्हणायचे. त्यांच्या पठ्ठ्यांनी हट्ट धरला की हनुमान जयंतीला तालमीत वस्तादांचा फोटो लागलाच पाहिजे, मोठा, चौकटीतला. फार दिवस मागे लागल्यावर वस्ताद कबूल झाले आणि एका सकाळी फेटा बांधून, खांद्यावर गदा घेऊन, दहाबारा पैलवानांच्या घोळक्यात आमच्या जिन्याखाली येऊन उभे राहिले.

मी जिन्यावरून, स्टुडिओच्या उघड्या दारातून बघत होते. चाचांनी त्यांना महालासमोर उभं केलं. नव्यानंच आणलेला फ्लॅश लावला. "हिकडं बघा वस्ताद!" लखकन उजेड पडला. "आणि एकदा!" पुन्हा उजेड. पठ्ठे खूश झाले, चहा पिऊन तालमीला गेले. वस्ताद मात्र जरा टेकले होते, घाम पुसायला फेटा काढून मांडीवर ठेवलेला. डावीकडच्या खिडकीतून त्यांच्या कानावर ऊन आलं.

पैलवानाचा कान तुम्ही पाहिला असेल. वर्षानुवर्षं मातीत घासून, दाबून, रक्त साकळून तो मुरगळून जातो. वस्तादांचा डावा कान तर विचारू नका. चाचा बघत राहिले. मग हळूच डबी उघडली.

"वस्ताद, असंच बसा. हलू नका."

"आता काय काढतोस?"

"काय न्हाय. उरलंसुरलं."

वस्ताद बिचारे बसून राहिले. चाचा जवळ जवळ जात शेवटी इतके जवळ गेले की खालून चाचींनी मला खूण करून विचारलं, हे काय वस्तादांच्या कानात बोलतायत काय?

त्यानंतर चाचा एका लग्नाला इचलकरंजीला गेले आणि वस्ताद आपल्या मंडळींना आणायला पन्हाळ्यापलीकडच्या गावी गेले. ते येणार होते थेट जयंतीच्या दिवशी पहाटे. चाचा परत आले, फिल्म धुतली आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले ते ओले फोटो हातात धरूनच. जयंती दुसऱ्या दिवशी होती.

"डोळं मिटलं," ते म्हणाले.

"कुणी?" चाचींनी घाबरून विचारलं.

"वस्तादांनी! फ्लॅश पडला की डोळं मिटल्यात. समद्या फोटोंत. गदा घेऊन झोपल्यागत दिसतंय."

"आणि चांगला कुठला आलाच न्हाय?"

चाचांचा चेहरा एकदम उजळला. "एक आलाय. असा आलाय म्हणून सांगू! जन्मात असा आला नव्हता."

आम्ही दोघींनी तो ओला फोटो उजेडात धरून पाहिला. दरड कोसळलेला डोंगर, त्यात गुहा, गुहेच्या तोंडाशी चिकटलेले मातीचे कण. ऊन एका बाजूनं असं आलेलं की प्रत्येक घडी उठून दिसत होती. खरं सांगते, मला तो आवडला. पण त्या वेळी आवडण्याची सोय नव्हती.

माझा नवरा डेपोतून आला तेव्हा त्याला खालीच थांबवून घेतलं. तो म्हणाला, "सरळ जाऊन सांगा, फोटो बिघडला, आठ दिवसांनी देतो." साधी गोष्ट होती. पण चाचा ऐकेनात.

"बिघडलाय कुठं? चांगला आलाय की. वस्तादांचं तोंड तर सगळ्या कोल्हापूरनं बघितलंय. कान कुणी बघितलाय?"

"नेऊन लावा तुम्ही तालमीत कान," चाची म्हणाल्या, "म्हंजी तुमचा बी कान तसाच करून घरला पाठवतील. माज्या भावाकडं इचलकरंजीला जावा गप. सांगतो मी, तब्येत बरी न्हाय म्हणून."

कोल्हापुरातल्या बायका 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात. मला सुरुवातीला गंमत वाटायची, पुढे मीही तशी बोलायला लागले. पण त्या दिवशी हसू आलं नाही. चाचींचे डोळे भरले होते. स्टुडिओचं नाव जाईल, गल्लीत तोंड दाखवता येणार नाही, वस्तादांसारख्या माणसाची चेष्टा केली असं लोक म्हणतील, हे त्यांना दिसत होतं. चाचांनाही दिसत नसेल असं नाही. ते बराच वेळ चष्मा शोधत हिंडले, आणि तो त्यांच्या कपाळावरच होता. मग शांतपणे म्हणाले, "मी पळून गेलो तर ह्यो फोटो खोटा हाय असं हुईल."

आणि ते मोठा कागद घेऊन पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत शिरले.

सकाळी तालमीच्या अंगणात गल्लीतले सगळे जमले होते. बायका एका बाजूला सतरंजीवर. हनुमानाचा जन्म झाला, सुंठवडा वाटला. मी आणि चाची बसलो होतो, आणि आमच्या शेजारी वस्तादांच्या मंडळी. सगळे त्यांना मावशी म्हणत. बारीक चणीची म्हातारी, नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. इतकी वर्षं नवरा ह्या तालमीत राहिला, पण तिनं तालीम आज पहिल्यांदा बघितली होती. गावी शेत, गुरं, पोरं ती सांभाळायची. वस्ताद दुखापत झाली की गावी जायचे आणि बरे झाले की परत यायचे.

चाचांनी चौकट आणून भिंतीला टेकवून ठेवली होती, वर भगवं कापड. गल्लीतले एक निवृत्त फौजदार पाहुणे होते. त्यांनी भाषण पाठ करून आणलं होतं. कापड त्यांनी झटक्यात ओढलं आणि फोटोकडे न बघता आमच्याकडे तोंड करून सुरू झाले, "ही तेजस्वी मुद्रा बघा! हे भेदक डोळे बघा! ह्या मिशांचा पीळ बघा!"

लोक बघत होते. पाहुणे बोलत होते. मागून एक आवाज आला, "डोळं कुठं हाईत?"

पाहुणे थबकले. मागे वळून त्यांनी फोटो पाहिला आणि पुढचं भाषण तिथंच संपलं.

"आल्याचा गड्डा हाय का ह्यो?"

"न्हाय रं, पन्हाळ्याचा बुरूज हाय."

"उलटा लागलाय. फिरवा की!"

दोघा पठ्ठ्यांनी चौकट उचलून उलटी धरली. तरी काही कळेना. मग पुन्हा सुलटी केली. आता हसणं थांबलं होतं. एक दांडगा पैलवान, वस्तादांचा सगळ्यात लाडका पठ्ठा, चाचांसमोर येऊन उभा राहिला. "चाचा, वस्तादांचा फोटो कुठाय?"

"ह्यो काय. वस्तादच हाईत."

"आमच्या वस्तादांची चेष्टा करतोस व्हय?"

चाचींनी माझा हात धरला. वस्ताद उठले. गर्दी बाजूला झाली. ते फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मान इकडे केली, तिकडे केली. रागावलेले दिसत नव्हते, पण चेहरा उतरला होता. एवढ्या वर्षांनी फोटोला कबूल झालेला माणूस, आणि चौकटीत तो नाहीच.

"ह्यात मी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

चाचा चौकटीकडे बोट करायला पुढे सरकले.

तेवढ्यात माझ्या शेजारून मावशी उठल्या. पदर सावरत, पुरुषांच्या गर्दीतून सरळ वाट काढत त्या फोटोपर्यंत गेल्या. अगदी जवळ. आणि म्हणाल्या, "अवो, ह्यो तुमचा कान हाय. डावा."



मावशींनी काचेवर बोट ठेवलं. "ही घडी हाय न्हवं, हिच्यात माती बसायची. काडीला कापूस लावून काढायचो मी. सगळी कधी निघायचीच न्हाय." बोट खाली सरकलं. "हितं रगत गोठलं हुतं. मिठाची पुरचुंडी तापवून तापवून शेकलाय मी. आन् हे म्हणत हुतं, परवा खासबागेत कुस्ती हाय, सोड मला." मग त्या गुहेच्या तोंडाशी थांबल्या. "तवापासनं ह्या कानानं कमी ऐकू येतंय. म्हणून मी कायम ह्यांच्या उजव्या अंगाला बसतो."

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. पठ्ठ्यांनाही नव्हतं. वस्तादांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. त्यांनी तो चाचपला, फोटोतली घडी बघितली, पुन्हा चाचपला, जणू तो आज पहिल्यांदाच आपल्या डोक्याला लागलेला होता. आणि मी बघितलं, समोरच्या रांगेतला एक पैलवान आपला कान चाचपतोय. मग दुसरा. मग तो दांडगा पठ्ठाही.

"इतकं दिसतंय व्हय त्यात?" वस्ताद मावशींना म्हणाले.

"दिसतंय की. माजं निम्मं आयुष्य दिसतंय."

वस्ताद चाचांकडे वळले. आता काय होतंय म्हणून चाची अर्धवट उठल्याच. वस्तादांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. चाचा त्या वजनानं जरासे वाकले.

"लावा," वस्ताद म्हणाले. "दारासमोर लावा. नवी पोरं येत्यात, इचारत्यात, वस्ताद, कुस्तीला काय लागतंय? त्यास्नी आधी ह्यो दावा."

त्यानंतर आमच्या जिन्याखाली काय गर्दी व्हायची! दुसऱ्या तालमींतले पैलवान कान काढून घ्यायला यायचे. बाकावर बसून एकमेकांच्या कानांची तुलना करायचे. एक शेतकरी शर्यतीच्या बैलाच्या शिंगाचा फोटो काढा म्हणून बैलालाच गल्लीत घेऊन आला. मुलगी दाखवायच्या फोटोसाठी आलेल्या एका बाईंनी मात्र दारातच बजावलं, "हिचा कानबिन नको हं, तोंड काढा." चाची आता कपाळाला हात लावत नसत. डबी कुठे ठेवली हे चाचांना आठवलं नाही की त्याच आणून द्यायच्या.

शेवटची आठवण त्याच उन्हाळ्यातली आहे. दुपारी मी चाचींबरोबर कुरडया वाळत घालत होते. मावशी आल्या. मागून वस्ताद, हातात त्यांची पिशवी. वस्ताद बाहेर बाकावर बसले.

"मला बी फोटो काढायचाय," मावशी म्हणाल्या. "पर जवळ याचं न्हाय. डोस्क्यापासनं पायापतोर सगळी आली पायजे. आन् त्या डबीतलं न्हाय लावायचं."

"मावशी, हिला लांबचं बी दिसतंय," चाचा विनवणी करत म्हणाले.

"बघू मग."

स्टुडिओ लहान. मावशींना डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं म्हणजे मागे सरकायला हवं. चाचा सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत गेले, तिथून पायरीवर, तिथून थेट रस्त्यात. वस्तादांनी उठून दोन्ही हात पसरले आणि सायकली थांबवल्या. गल्ली उभी राहिली. आत वेताच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मावशी ताठ उभ्या, पापणी लवली नाही. एकच फोटो काढला. तो इतका सुंदर आला की पुढे चाचा नमुना म्हणून गिऱ्हाइकांना दाखवत.

ते दोघं गेले. चाचींनी कुरडयांचा हात लुगड्याला पुसला, आत आल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"आता माझा काढा."

"तुझा?" चाचा हसले. "तुझं तर किती काढल्यात मी!"

"टाच काढलीसा. बांगडी काढलीसा. पीठ मळताना बोटं काढलीसा. तोंड कधी काढलंसा?"

निम्म्या कोल्हापूरचे फोटो काढणारा माणूस, आणि घरात बायकोच्या चेहऱ्याचा एकही फोटो नव्हता. मी कुरडयांचं ताट घेऊन दारात उभी होते, मला तिथून हलवेना. त्यांनी कॅमेरा उचलला. डोळ्याला लावला. खाली घेतला. चष्मा पुसला. पुन्हा लावला.

चाचींनी डोक्यावरचा पदर नीट केला. "हसू का नको?"

"हस की," चाचा म्हणाले. मग म्हणाले, "हलू नगंस."

"मी न्हाय हालत," चाची म्हणाल्या. "तुमीच हालताय."

तो फोटो किंचित हललेला आला. चाचा म्हणाले, पुन्हा काढू, चांगला काढू. चाचींनी ऐकलं नाही. स्टुडिओच्या दर्शनी काचेत, सगळ्या नवरानवरींच्या मधोमध, त्यांनी तोच लावून घेतला.